वीतभर

पाठीवर निज. पाय सरळ.
आता गुडघा न वाकवता
एकच पाय उचल, वीतभर.
कागदावर वीस सेंटिमीटर लिहिलंय,
पण पट्टी धरण्याआधी मी हाताची वीत दाखवते,
बायकांना ती लगेच कळते.

मग विचारायचं: किती अवघड गेलं?
शून्य म्हणजे काहीच नाही,
पाच म्हणजे उचललाच नाही.
मधल्या आकड्यांत कोण काय सोसतं
त्यासाठी रकाना नाही.

वोरिन आली तेव्हा सातवा सरत होता.
लोफोतेनचा जानेवारी. भर दुपारी आभाळ असं,
की कुणी दिवा लावून पदराआड धरलाय.
तिच्या स्वेटरला सुक्या कॉडचा वास.
गोदामात ती मासळीची प्रतवारी करते,
दिवसभर उभी,
भार या पायावर, मग त्या.
"जिना चढताना वाटतं," ती म्हणाली,
"कुणी मला कण्याच्या कडेनं चिरत आणलंय
आणि शेपटाशी तेवढं जोडलेलं ठेवलंय,
वाळत घालायला."
मी लिहिलं: उजवा तीन, डावा चार.

पाकीट तिच्यासमोरच फोडलं.
एकशे बेचाळिसावं.
आत 'ब'.
'अ' आला असता तर आठवड्यातून दोनदा
ती माझ्या हाताखाली असती.
'ब' म्हणजे एक माहितीपत्रक, चार घड्यांचं,
आणि नेहमीची तपासणी.
मला ठाऊक होतं कुठला स्नायू झोपलाय,
कुठल्या बोटानं त्याला हाक मारायची.
मी हात कोटाच्या खिशात घातले.
तिनं पत्रक उलटसुलट पाहिलं:
"याची होडी बरी होईल."
तिला निघायचं होतं, घाटात बर्फ साचत होतं.

(पुढे कधीतरी निकाल येईल.
'अ' आणि 'ब' यांत म्हणण्याजोगा फरक नाही,
असं एक वाक्य, माझ्याच हातचं,
तीन वर्षं आणि दोनशे सहा कमरा
यांच्या तळाशी.)

जुलै. सूर्य आता जायचं नाव घेत नाही.
बाळंतपणानंतरचं मोजमाप माझं नव्हे,
ते सिग्नी करते. कोण 'अ', कोण 'ब',
तिला कळू द्यायचं नाही.
दार लागलं. वोरिन आत,
आणि बाहेर मी, टोपलीतलं बाळ,
आणि ओसब्यॉर्ग, वोरिनची आई,
जी एवढा वेळ भिंतीवरचं चित्र बघत होती:
ओटीपोटाची हाडं, लाल बाण.

"मीही करून बघू?"

शेजारची खोली मोकळी होती.
ती बुटांसकटच आडवी झाली.
उजवा पाय उचलला.
डाव्याला तिनं सांगितलं, पुन्हा सांगितलं,
टाचेखालचा कागद नुसता चुरगळला.
"वोरिनच्या वेळेपासून," छताला सांगितल्यासारखं,
"तेहेतीस वर्षं.
मला वाटायचं सगळ्याजणींचा असाच असतो."

वय सदुसष्ट. संमतीपत्र नाही,
क्रमांक नाही, पाकीट नाही.
कुठल्याच निकषात न बसणारी बाई
माझ्या समोर निजलेली,
आणि माझे हात खिशाबाहेर.

दोन्ही बाजूंनी तिच्या कटीची हाडं
तळव्यांत घेतली, आत दाबून धरली,
दार सुजलेल्या कपाटाला धरावं तशी.
म्हटलं, "आता."

टाच कागदावरून सुटली.
थरथरत वर आली
आणि थांबली
वीतभर उंचीवर.

ओसब्यॉर्ग आपल्या बुटाकडे बघत राहिली,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी.
"एवढंच होतं?"
मला उत्तर सुचलं नाही.
भिंतीपलीकडून सिग्नीचा आवाज:
उजवा शून्य. डावा...
टोपलीत बाळानं लाथ झाडली, सहज, कुणी न सांगता.

"लगेच सोडू नकोस," ओसब्यॉर्ग म्हणाली.